पिशवीचे ऑपरेशन आणि पुढची वीस वर्षे



या पानावर आम्ही एरवी खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त, बेणे बदल असल्या गोष्टी लिहितो. या अंकासाठीही पाचट कुजवण्यावरचा मजकूर अर्धा लिहून झाला होता. तो पुढच्या अंकात देऊ. या वेळी विषय वेगळा आहे आणि तो शेतकी खात्याचा नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. आम्ही काही डॉक्टर नव्हे. शेतकी पदविका घेऊन वीस-बावीस वर्षे बांधावर फिरणारी आम्ही माणसे. परंतु गोष्ट आमच्याच घरात घडली आणि त्यानंतर गटागटांत चौकशी केली तेव्हा ती घरोघरची निघाली, म्हणून लिहिणे भाग आहे.

मागच्या हंगामात वेळ अमावस्येला, म्हणजे आपल्या येळवशीला, आमच्या थोरल्या बंधूंच्या शेतात सारे जमलो होतो. भज्जी, उंडे, आंबील, खीर, सगळे रीतीप्रमाणे झाले. दुपारी वहिनी म्हणाल्या, "छातीत जळजळतंय, पाठीत भरून आलंय." सगळ्यांनी एका सुरात सांगितले की आंबील जास्त झाली, पित्त झाले. कोणी ओवा दिला, कोणी सोडा दिला. आम्हीही त्यातलेच, उगीच शहाणपणा सांगत नाही. दिवस मावळताना त्यांना दरदरून घाम सुटला, दम लागला आणि जबडा दुखू लागला. तेव्हा जीपमध्ये घालून लातूर गाठले. पट्टी काढल्याबरोबर डॉक्टर म्हणाले, हा हृदयविकाराचा झटका आहे, चार-पाच तास अंगावर काढलेला आहे. वहिनींचे वय तेव्हा एकोणपन्नास. बिडी नाही, तंबाखू नाही, अंगाने सडपातळ, दिवसभर रानात राबणारी बाई. जाळी बसवली, जीव वाचला. पण हृदयाचा काही भाग कायमचा दुबळा झाला तो झालाच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारले, "यांची पाळी कधी गेली?"

बंधू म्हणाले, "चौतिसाव्या वर्षी पिशवीचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून नाही."

"नुसती पिशवी काढली का बीजकोशही काढले?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. कोणालाच माहीत नव्हते. खुद्द वहिनींनाही नाही. घरी येऊन कागदांची पेटी उघडली. सातबारा, आठ-अ, सोसायटीच्या पावत्या, वीस वर्षांची ऊस बिले, सगळे जपून ठेवलेले. ऑपरेशनचा कागद मात्र नाही. पुढे सोनोग्राफी केली तेव्हा कळले की दोन्ही बीजकोश नाहीत. पंधरा वर्षांत एवढे मोठे सांगणे कोणी सांगितले नाही आणि आम्हीही कोणाला विचारले नाही.

पिशवी वेगळी, बीजकोश वेगळे

आपल्याकडे 'पिशवी काढली' या दोन शब्दांत सगळे येते. प्रत्यक्षात ही दोन वेगळी ऑपरेशने आहेत. पिशवी म्हणजे गर्भाशय. मूल वाढते ते तिथे आणि पाळी येते ती तिथून. तिच्या दोन्ही अंगांना बदामाएवढे दोन बीजकोश असतात, त्यांना अंडाशयही म्हणतात. बाईच्या शरीरातले इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक मुख्यतः हे बीजकोश तयार करतात. हे इस्ट्रोजेन केवळ लेकरे होण्यापुरते नाही. रक्तवाहिन्या लवचिक ठेवणे, रक्तातली वाईट चरबी आटोक्यात ठेवणे, हाडे घट्ट ठेवणे, अशी त्याची कामे आहेत. पाळी चालू असलेल्या वयात बायकांना पुरुषांपेक्षा हृदयविकार कमी होतो, त्याचे एक मोठे कारण हेच समजले जाते.

पाळी आपोआप जाते तेव्हा हे संप्रेरक हळूहळू, काही वर्षांत कमी होते. आपल्याकडे पाळी जाण्याचे वय साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास आहे. पण चौतिसाव्या वर्षी दोन्ही बीजकोश काढले तर ते एका दिवसात थांबते. जे पाणी अजून बारा वर्षे मिळायचे, ते पाट फोडून एकदम बंद केल्यासारखे होते. अंगातून वाफा येणे, रात्री घाम सुटणे, झोप न लागणे, चिडचिड होणे, हे लगेच दिसते. रक्तवाहिन्यांत आणि हाडांत जे होते ते मात्र दहा-पंधरा वर्षे दिसत नाही.

यावर परदेशात मोठा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत परिचारिकांची वर्षानुवर्षे माहिती ठेवणारी एक पाहणी आहे. साध्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या, कारणासाठी पिशवी काढलेल्या २९,३८० स्त्रियांचा त्यात २४ वर्षे मागोवा घेतला आणि २००९ साली निष्कर्ष छापले. बीजकोश ठेवलेल्या स्त्रियांपेक्षा दोन्ही बीजकोश काढलेल्यांत हृदयविकार आणि एकूण मृत्यूही जास्त आढळले. बीजकोश काढल्याने त्याचा कर्करोग टळतो आणि स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाणही कमी दिसले, हेही तितकेच खरे आहे. पण कोणत्याही वयोगटात काढणाऱ्या स्त्रिया जास्त जगल्या, असे दिसले नाही. त्याच साली त्याच देशातल्या मेयो क्लिनिकच्या पाहणीतही असेच निघाले. पंचेचाळीस वर्षांच्या आत दोन्ही बीजकोश गेलेल्या आणि नंतर इस्ट्रोजेन न घेतलेल्या स्त्रियांत हृदयाच्या आजाराने मृत्यूचे प्रमाण बरेच जास्त होते.

मग बीजकोश ठेवले असतील तर निर्धास्त राहावे काय? तसेही नाही. मेयो क्लिनिकनेच २०१८ साली दुसरी पाहणी छापली. १९८० ते २००२ या काळात पिशवी काढलेल्या पण दोन्ही बीजकोश ठेवलेल्या २,०९४ स्त्रियांची तुलना त्याच वयाच्या, ऑपरेशन न झालेल्या स्त्रियांशी केली. सरासरी बावीस वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले होते. पिशवी काढलेल्यांत रक्तदाब, रक्तातली चरबी आणि लठ्ठपणा थोडा जास्त आढळला. पस्तीस किंवा त्याहून कमी वयात ऑपरेशन झालेल्यांत मात्र हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार अडीच पट आणि हृदय कमकुवत होण्याचा आजार साडेचार पटीच्या वर निघाला. बीजकोशाला रक्त पोहोचवणारी एक वाट पिशवीच्या बाजूने जाते. ती तुटल्यावर ठेवलेले बीजकोशही काही जणींत लवकर थकतात, असे एक कारण डॉक्टर सांगतात.

इथे एक खुलासा करतो, नाहीतर घराघरांत घबराट व्हायची. अडीच पट म्हणजे प्रत्येकीला होणारच असे नव्हे. तरुण वयात हा आजार मुळात थोड्या जणींना होतो, त्या थोड्यांची संख्या वाढते एवढाच अर्थ. शिवाय बीजकोश ठेवूनही दिसणारा धोका ऑपरेशनमुळेच आहे की ज्यांच्यावर ऑपरेशनची वेळ आली त्यांच्यात वजन, रक्तदाब आधीच जास्त होते म्हणून आहे, यावर तज्ज्ञांत अजून मतभेद आहेत. आम्हाला त्या वादात पडायचे नाही. कारण काहीही असो, अशा बाईच्या हृदयाकडे इतरांपेक्षा जास्त लक्ष द्यायला हवे, एवढे त्यातून नक्की निघते.

हे आपल्याच भागात का लिहायचे

२०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात सुमारे तिघींची पिशवी काढलेली आढळली. आता आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्याचा आकडा पाहा. २०१९ साली ऊसतोड मजूर बायकांच्या ऑपरेशनांचा प्रश्न वर्तमानपत्रांत आणि विधिमंडळात गाजला. तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ पिशव्या काढल्या गेल्याचे तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सभागृहात सांगितले. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जिल्ह्यात पाहणी झाली. सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांकडे विचारणा केली, त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे शंभरात सोळा-सतरा. त्यांत चाळिशीच्या आतल्या पुष्कळ.

या बायका कोणाच्या फडात ऊस तोडतात? तुमच्या-आमच्या. बीडहून येतात तशा आपल्या मुखेड, कंधार, जळकोट भागातूनही जातात-येतात. आमच्या खात्याचा तर त्यांच्याशी रोजचा संबंध. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीवर दिलेली. एकीने खाडा केला की मुकादम पैसे कापतो. फडात ना पाणी ना आडोसा. पाळीच्या दिवसांत तीच घाण कापडे, त्यातून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे. मग हंगाम संपल्यावर दवाखान्यात गेले की कोणीतरी सांगते, "पिशवी खराब झाली, काढा, नाहीतर कॅन्सर होईल." बाईही म्हणते, लेकरे झाली, आता त्या पिशवीचे काय काम? कटकट जाईल. आणि हे ऑपरेशनही मुकादमाच्या उचलीवरच होते, म्हणजे पुढचे दोन हंगाम ते फेडण्यात जातात.

खरे सांगायचे तर तोडणीचा प्रोग्राम आम्हीच लावतो. चोवीस तासांत ऊस गव्हाणीत पडला पाहिजे म्हणून मुकादमाच्या मागे आम्हीच लागतो. कोपीवर एखादी बाई पोट धरून बसलेली दिसली तर "आज एक कोयता कमी का?" हा प्रश्न आम्हीही विचारलेला आहे. वहिनींच्या निमित्ताने तो आठवला आणि बरे वाटले नाही.

मात्र हे फक्त मजुरांपुरते आहे, असे सभासदांनी समजू नये. बागाईतदाराच्या घरीही तेच आहे, फरक एवढाच की तिथे उचल लागत नाही. गेल्या लागण नोंदीच्या वेळी एका गावात आम्ही सहज विषय काढला. ओसरीवर बसलेल्या सात जणांपैकी चौघांनी सांगितले, आमच्या मंडळींचे झालेले आहे. बीजकोशाचे विचारले तर एकालाही सांगता आले नाही.

पिशवी कधीच काढू नये असे आमचे म्हणणे नाही. कर्करोग असेल, गाठी फार मोठ्या असतील, औषधाने न थांबणारा रक्तस्राव असेल, पिशवी खाली उतरली असेल, तर ऑपरेशनच बाईला वाचवते. परंतु पांढरे जाणे हा बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो, तो औषधाने बरा होतो. जास्त रक्त जात असेल तर गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायचे औषधी साधन आहे. लहान गाठी पाळी गेल्यावर बहुधा आकसतात. कर्करोगाची भीती असेल तर पिशवीच्या तोंडाची तपासणी आधी करून घ्यावी, भीतीपोटी अवयव काढू नये. केंद्र सरकारने अनावश्यक ऑपरेशने रोखण्यासाठी २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या सर्व राज्यांनी अमलात आणाव्यात असा आदेश दिला. तेव्हा चाळिशीच्या आत कोणी ऑपरेशन सुचवले तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे हा काही पहिल्या डॉक्टरचा अपमान होत नाही. नांदेडला विष्णुपुरीचे शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख वैद्यकीय विज्ञान संस्था, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, तिन्ही ठिकाणी स्त्रीरोग विभाग आहेत. आणि ऑपरेशन ठरलेच तर टेबलावर जाण्याआधी एक प्रश्न नवऱ्याने नव्हे तर बाईने स्वतः विचारावा: "माझे बीजकोश ठेवणार का काढणार, आणि काढणार तर का?"

ज्यांचे झाले त्यांनी काय करावे

पहिले काम, कागद शोधा. डिस्चार्ज कार्डावर काय काढले ते लिहिलेले असते. त्याबरोबर काढलेल्या भागाच्या तपासणीचा कागद असतो, त्यातही कळते. कार्ड नसेल तर ज्या दवाखान्यात ऑपरेशन झाले तिथे नक्कल मागा. तेही नसेल तर सोनोग्राफीचा विचार डॉक्टर सांगतील.

दोन्ही बीजकोश पंचेचाळीसच्या आत गेलेले असतील आणि बाई अजून पन्नाशीच्या आत असेल, तर इस्ट्रोजेनचे औषध घ्यावे का, हे स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारा. पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत ते घ्यावे, असा सल्ला अशा स्त्रियांना सहसा दिला जातो. पण स्तनाचा कर्करोग झालेला, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेली, यकृताचा आजार असलेली बाई असेल तर ते चालत नाही. म्हणून शेजारणीची गोळी आणून आपल्या घरी सुरू करू नये. खताची मात्रा शेजाऱ्याच्या माती परीक्षणावर देत नाही, तसेच हे. ऑपरेशनला वीस वर्षे होऊन बाई साठीला आलेली असेल तर आता नव्याने हृदयासाठी म्हणून ते औषध सुरू करण्यात फायदा नाही.

रक्तदाब मोजणे हे सर्वात स्वस्त आणि सर्वात मोलाचे. वर्षातून एकदा तरी, आणि दोन-तीन वेळा मोजून १४०/९० च्या वर भरला तर औषध नियमित. "आता बरं वाटतंय" म्हणून गोळी सोडणारे आपल्याकडे फार. रक्तदाबाचे दुखत काही नाही, त्यामुळे बरे वाटणे हा त्याचा पुरावा होत नाही. त्याबरोबर साखर आणि रक्तातली चरबी तपासावी. तिशीवरील सर्वांची रक्तदाब व साखरेची तपासणी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होते. कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचांच्या, आत असावा. सडपातळ बाईने मात्र त्यावर भरवसा ठेवून बाकीच्या तपासण्या टाळू नयेत. आमच्या वहिनींचे तेच झाले.

मिश्रीबद्दल थोडे कठोर लिहितो. तंबाखू खाणाऱ्या नवऱ्याला बोल लावणारी बाई सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते आणि ते तंबाखूतच धरत नाही. मिश्री ही भाजलेली तंबाखूच. ऑपरेशन झालेल्या बाईने ती सोडलीच पाहिजे. चुलीचा धूरही हृदयाला वाईट. मिठाचे म्हणाल तर दिवसाला माणशी एक छोटा चमचा, तोही लोणचे-पापडातले धरून. रानातले काम हा व्यायामच आहे. पण ऊस लावून टाकल्यावर ज्यांच्या घरच्या बायांचे रानात जाणे सुटले, त्यांनी रोज अर्धा तास चालावे.

आणि लक्षणे ओळखावीत. छातीत डाव्या बाजूला जोराची कळ येऊन माणूस कोसळतो, असे चित्रपटात दिसते. बायकांत पुष्कळदा तसे होत नाही. छातीवर दाब, पाठीत किंवा खांद्यात भरून येणे, जबडा दुखणे, वरच्या पोटात जळजळ, मळमळ, घाम, दम, विनाकारण गळून जाणे, यांतले काहीही असू शकते. पिशवीचे ऑपरेशन झालेल्या, रक्तदाब किंवा साखर असलेल्या बाईला असे झाले तर पित्त समजून वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा, जवळच्या ठिकाणी पट्टी काढून घ्यावी. पहिल्या काही तासांत रक्तवाहिनी उघडली तर हृदय वाचते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतील रुग्णालयांत अँजिओप्लास्टी होते, त्यासाठी शिधापत्रिका आणि आधार कार्ड हाताशी ठेवावे.

वहिनींचे सध्या ठीक आहे. गोळ्या चालू आहेत, रानात जातात, ओझे उचलत नाहीत. बंधू मात्र अजून म्हणतात, पंधरा वर्षांत एक माणूस नुसते बोलला असता तर. त्यावर आम्हाला उत्तर देता आले नाही.

आता कारखान्याकडून काय, असे सभासद विचारतील. ऊसतोड कामगारांसाठी लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे आणि त्यासाठी कारखान्यांकडून टनाला दहा रुपये घेण्याचे ठरलेले आहे. पण त्यावर सोडून चालणार नाही. शेतकी खात्यापुरते बोलायचे तर या हंगामात प्रत्येक गट कार्यालयात रक्तदाब मोजण्याचे यंत्र ठेवत आहोत. चिटबॉयला ते वापरायला शिकवले आहे. औषध तो देणार नाही, आकडा चिठ्ठीवर लिहून आरोग्य केंद्रात पाठवील. कोपीवरची बाई दवाखान्यात गेली म्हणून त्या दिवसाचा खाडा धरायचा नाही, असे मुकादमांना करार करतानाच सांगितले आहे. कोणी धरला तर गट कार्यालयात तक्रार द्यावी. ज्यांच्या शेतात टोळी उतरेल त्या सभासदांनी पिण्याच्या पाण्याची टाकी आणि बायकांसाठी आडोसा एवढे करावे. चार बांबू आणि पाचट, खर्च काहीच नाही.

लागण नोंदीला येताना सातबाऱ्याबरोबर घरच्या बाईंचे डिस्चार्ज कार्ड आणले तर त्याची झेरॉक्स काढून मूळ कागद परत देण्याची सोय गट कार्यालयात केली आहे. शक्यतो बाईंनाच सोबत आणावे.